गंजलेला नट आणि तापलेले भोक

महाड तालुक्यातील वीर परिसरात पावसाळा चार महिने ठाण मांडून बसतो. उघड्यावरच्या पंपाचे किंवा फाटकाचे नट-बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत गंजून घट्ट बसतात. असे का होते?

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट व बोल्ट यांच्या आट्यांमध्ये फट अगदी थोडी असते. तेथे गंज साचला की तो पाचरीसारखा दाब देतो आणि घर्षण वाढते.

अशा वेळी पान्याला लांब पाइप जोडण्याचा मोह होतो. २५ सें.मी.ऐवजी ७५ सें.मी. अंतरावर तेवढाच जोर लावला, तर पिळणारे आघूर्ण तिप्पट होते. पण ते बोल्टलाही पिळते. नट सुटण्याआधी बोल्टच मोडू शकतो!

म्हणून कारागीर नट तापवतो. येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो : तापल्यावर नटाचे भोक लहान होईल की मोठे? अनेकजण ‘लहान’ म्हणतात. वस्तुतः नटाचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात वाढते; भोकाचेही. पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे. २० मि.मी. व्यासाचे भोक २०० अंशांनी तापले, तर व्यास

२० × ०.००००१२ × २०० = ०.०४८ मि.मी.

एवढा वाढतो. ही वाढ केसाच्या जाडीएवढीही नाही. पण गंजाचा थर तडकायला पुरते. मात्र बोल्टही तेवढाच तापला तर फायदा नाही. म्हणून नट झटपट तापवावा लागतो. थंड झाल्यावर सोडलेले पातळ तेल केशाकर्षणाने फटींत शिरते. तेल लावलेल्या भागाजवळ ज्योत कधीही नेऊ नये. हे काम जाणत्या कारागिराचेच.

स्टड मोडलाच, तर त्याच्या मध्यभागी छिद्र पाडून डाव्या आट्यांचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर उलटा फिरवतात. तो जसा रुततो, तसा स्टडला बाहेर काढतो. परंतु हे हत्यार कठीण पोलादाचे असते. ते आतच तुटले, तर साध्या ड्रिलने कापता येत नाही. तेव्हा येथेही घाई नको.

यापेक्षा वंगण स्वस्त. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. बोल्टने जोडलेल्या रुळांच्या सांध्यांना वंगण देणे हा रेल्वेच्या नेहमीच्या देखभालीचा भाग आहे.

करून पाहा : काचेच्या बरणीचे घट्ट बसलेले धातूचे झाकण थोडा वेळ कोमट पाण्यात धरा. ते का सुटते, याचे उत्तर तुम्हीच लिहा.