टॉवर गेला तर शेजारी कोण?

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट! अशा पुरात वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते आणि हातातला मोबाईल नुसता टॉर्च उरतो. मग पलीकडच्या गल्लीत कोण अडकलंय, हे कळायचं कसं?

एक उपाय म्हणजे मेश रेडिओ. मुठीत मावणारा लोरा संच ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा. त्यावर मेशटॅस्टिकसारखं मोफत सॉफ्टवेअर चालतं. सिम नको, टॉवर नको. बांधकामावर घमेलं जसं हातोहात वर जातं, तसा मेसेज एका संचाकडून दुसऱ्याकडे जातो. या प्रत्येक टप्प्याला 'हॉप' म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये मर्यादा ३ हॉपची. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतो. म्हणून सेटिंगमध्ये प्रदेश 'भारत' निवडायलाच हवा.

ॲपमध्ये आसपासच्या संचांची यादी दिसते. ती अशी वाचावी :

१) शेवटचं कधी ऐकलं? संच बंद पडला तरी नाव यादीत राहतं. कालची वेळ दिसत असेल, तर त्या नावावर विसंबू नका.

२) किती हॉप? शून्य म्हणजे थेट ऐकू येतोय. दोन असेल तर मधल्या संचांवर सगळी भिस्त.

३) सिग्नल. हा आकडा थेट ऐकू येणाऱ्या संचापुरताच धरा. उणे दिसला म्हणून घाबरू नका, लोराला गोंगाटाखालचाही सिग्नल उकलतो. पण उणे ५ पेक्षा उणे १५ कमजोर, हे ध्यानात ठेवा.

आता संपर्क. चॅनेलवर टाकलेला मेसेज सगळ्यांना जातो. एकालाच गाठायचं तर त्याच्या नावावर जाऊन थेट मेसेज करा. त्याच्या संचाकडून पोच आली, म्हणजे मेसेज संचापर्यंत पोचला. माणसाने वाचला असं नव्हे! म्हणून 'उत्तर दे' असं लिहाच.

आणि भावा, पाल्हाळ नको. एका मेसेजला साधारण २०० बाइट मिळतात. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी ३ बाइट खातात, म्हणजे जेमतेम ६५ चिन्हं. '३ जण, दुसरा मजला, पाणी हवं, उत्तर दे' एवढं पुरे. चॅनेलची मूळ चावी सगळ्या जगाला ठाऊक असते. ती बदलल्याशिवाय आपला ठावठिकाणा त्यावर टाकू नका.

हे सगळं पाऊस लागायच्या आधी करून बघा. एक संच हॉस्टेलच्या गच्चीवर, दुसरा खोलीत, तिसरा घेऊन रंकाळ्यापर्यंत चालत जा. कुठे यादीतली वेळ पुढे सरकायची थांबते, ते वहीत टिपा. रेडिओला मोकळी सरळ रेषा लागते. काँक्रीटच्या भिंती आणि तळमजला तिला मारक. गच्ची आणि खोली यातला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, की पुरात संच कुठे ठेवायचा हे कुणाला विचारावं लागणार नाही.