‘कुंभारकावळा’ : एका देशी पक्षिनामाचा अर्थविचार

शब्द ओळखीचा वाटला म्हणजे त्याचा अर्थ कळला, असे नव्हे. पक्षी, वृक्ष, भांडी, शेतीची अवजारे यांच्या नावांविषयी तर हा भ्रम फार लवकर होतो. ‘कुंभारकावळा’ हे नाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

या सामासिक शब्दाचे दोन्ही अवयव सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण कुंभाराचा कावळा असा अर्थ घेतल्यास हाती काहीच लागत नाही. कुंभारासारखा कावळा म्हटले तरी तेच. ज्याला इतरत्र भारद्वाज, सोनकावळा किंवा कुकुडकोंबा म्हणतात, तोच हा पक्षी होय. आकार डोमकावळ्याएवढा, अंग काळे, डोळे लाल आणि पंख तांबूस-तपकिरी. भाजलेल्या मडक्याचा तो रंग पाहिला म्हणजे ‘कुंभार’ या पूर्वपदाचे प्रयोजन सहज ध्यानात येते. ‘सोनकावळा’ या नावातही सोने नाही. रंगाचे सादृश्य तेवढे आहे.

उत्तरपद मात्र अधिक फसवे आहे. हा पक्षी कावळ्याच्या जातीचा नाही. पक्षिशास्त्राप्रमाणे तो कोकिळेच्या कुळातील आहे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे सर्वश्रुत आहे. कुंभारकावळा तसे करीत नाही. नर व मादी स्वतः घरटे बांधतात, अंडी उबवितात आणि पिले वाढवितात. म्हणजे नाव कावळ्याचे, कुळ कोकिळेचे आणि आचरण आपल्या कुळातील त्या प्रसिद्ध पक्ष्याहून निराळे! नावावरून जाती ठरविणारा येथे चुकतो आणि जातीवरून आचरण ठरविणाराही चुकतो.

मग प्रतिष्ठित वाटणारे ‘भारद्वाज’ हे नाव घेऊन संस्कृत कोश उघडावा काय? अमरकोशात ‘भरद्वाज’ या पक्ष्याला ‘व्याघ्राट’ हा पर्याय दिला आहे. परंतु कोशकार व अभ्यासक त्याचा अर्थ सामान्यतः चंडोल असा करतात. चंडोल हा मोकळ्या माळावर राहणारा, उंच उडत गाणारा लहान पक्षी; मराठीतील भारद्वाज हा झुडपांतून चालणारा, ‘ऊप् ऊप्’ असा घुमणारा मोठा पक्षी. शब्द जवळजवळ तोच राहिला, वस्तू मात्र पालटली. म्हणून संस्कृत अर्थ मराठी शब्दावर किंवा मराठी अर्थ संस्कृत शब्दावर लादणे, हे दोन्ही सदोष होय.

अशा वेळी निर्णय कोणी द्यावा? याविषयी मीमांसाशास्त्रातील एक विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘पिक’ या पक्षिवाचक शब्दाचा अर्थ आर्यांच्या व्यवहारात प्रसिद्ध नव्हता. तेव्हा व्याकरणाच्या बळावर नवा अर्थ कल्पावा, की वैदिक परंपरेबाहेरील लोकांत प्रसिद्ध असलेला अर्थ घ्यावा, असा प्रश्न उपस्थित झाला. शबरस्वामींच्या भाष्यात दुसरा पक्ष मान्य झाला आहे. कारण पक्षी पाळण्यात व धरण्यात तेच लोक अधिक निपुण होते. वेदार्थाच्या निर्णयातही ज्याला वस्तूचा परिचय आहे, त्याचा शब्द प्रमाण मानला गेला.

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास तर हा न्याय अधिकच लागू आहे. श्रीचक्रधरस्वामींचे निरूपण लोकांच्या मराठीत झाले आणि श्रीनागदेवाचार्यांनीही त्याच भाषेचा आग्रह धरला. त्या भाषेतील पदार्थवाचक शब्दांचे साक्षी गुराखी, शेतकरी, कुंभार आणि वृद्ध स्त्रिया हे आहेत. पोथीत अपरिचित देशी नाम आढळल्यास प्रथम पाठ जसा आहे तसा राखावा. मग संदर्भातील रंग, ध्वनी व स्थान पाहावे. त्या प्रदेशातील जाणत्यांना विचारावे. कोश त्यानंतर उघडावा. अर्थ लागत नाही म्हणून अक्षर बदलणे हा सर्वांत मोठा दोष. कारण चुकलेला अर्थ पुढचा अभ्यासक सुधारू शकतो, पण पुसलेला शब्द त्याला दिसतही नाही.

आज हा साक्षीदारवर्ग विरळ होत आहे. गावोगाव फिरणारे भिक्षुक आणि शेतीत राबणारे वासनिक यांनी अशी नामे, ती कोणत्या गावी व कोणत्या वस्तूस लावली जातात या नोंदीसह, लिहून ठेवावीत. तीही शास्त्रसेवाच होय.