लोह आणि कोबाल्ट : एका नरम चुंबकाची घडण

खारदांड्याहून खार स्टेशनाकडे गेलें म्हणजे विजेची गाडी दिसते, आणि मान वर केली कीं विमान. या मार्गावर गाडी १९२८ सालापासून विजेनें धांवत आहे. गाडी व विमान या दोहोंतही विजेचीं यंत्रें असतात. त्यांच्या गाभ्यास असा धातु लागतो कीं, त्यानें तारेंत प्रवाह सुरू होतांच चुंबक व्हावें आणि प्रवाह थांबतांच चुंबकत्व सोडावें. अशा पदार्थास 'नरम चुंबकीय' म्हणतात. हा नरमपणा बोटानें दाबून कळणारा नव्हे.

गाडीस वजनाची फारशी फिकीर नसते. तिला सिलिकॉन मिसळलेलें स्वस्त पोलाद पुरतें. विमानास मात्र शेरभर वजनही भारी. तेथें लोह व कोबाल्ट जवळजवळ समभाग घेऊन केलेला मिश्रधातु उपयोगीं पडतो. शुद्ध लोखंड फार तर २.१५ टेस्लापर्यंत चुंबकित होतें, हा सुमारें २.४ टेस्लापर्यंत, म्हणून लहान गाभ्यानें काम भागतें. लोखंडाचें चुंबकत्व ७७० अंश सेंटिग्रेडास नष्ट होतें; याचें ९०० अंशांपलीकडेही टिकतें.

परंतु यांत एक मोठा दोष आहे. सुमारें ७३० अंशांखालीं हळूहळू निवतांना लोहाचे व कोबाल्टाचे अणु आळीपाळीनें रांगेंत बसतात, आणि धातु ठिसूळ होऊन लाटतांना फुटतो. अमेरिकेंतील व्हाइट व वॉल यांनीं यावर उपाय काढला. त्याचें पेटंट १९३२ सालचें आहे. शेंकडा दोन भाग व्हॅनेडियम घालावयाचें, आणि तापलेला पत्रा मिठाच्या थंड पाण्यांत एकदम बुडवावयाचा. अणूंस रांग धरावयास अवधि मिळत नाहीं, व पत्रा थंडपणीं पातळ लाटतां येतो. व्हॅनेडियमामुळें विजेस होणारा विरोधही वाढतो, म्हणून गाभ्यांत भोवऱ्यासारखे फिरणारे व्यर्थ प्रवाह कमी होतात.

यानंतर आकार कापून ते तुकडे कोरड्या हायड्रोजनांत सुमारें ८५० अंशांवर कांहीं तास भाजतात. लाटतांना पडलेला ताण त्यानें जातो व चुंबकीय गुण प्रकट होतो. हा क्रम चुकवूं नये. भाजल्यावर तुकडा वांकविला किंवा ठोकला, तर कमाविलेला गुण उतरतो.

कोबाल्ट महाग आहे. जगांतील अर्ध्याहून अधिक कोबाल्ट काँगो देशांतून येतें, आणि तेथील हातानें खणावयाच्या कित्येक खाणींत तुमच्या वयाचीं मुलेंही राबतांना आढळलीं आहेत. म्हणून मुलांनो, पुढें कारखान्यांत जाल तेव्हां हा धातु जरूर तेथेंच वापरा, आणि मोडक्या यंत्रांतील तुकडाही वितळविण्यास परत पाठवा. त्यांत आपल्या शेजाऱ्याचे कष्ट आहेत.