‘स्पार्टाकस’: इतिहास किती, कल्पना किती?

ऐतिहासिक कादंबरी वाचतांना तींतील इतिहास कोणता व कल्पना कोणती, हा विवेक वाचकानें राखावा लागतो. अमेरिकन लेखक हॉवर्ड फास्ट यांची १९५१ सालीं प्रसिद्ध झालेली ‘स्पार्टाकस’ ही कादंबरी या अभ्यासास सोयीची आहे. म्हणून ती आम्ही येथें विचारास घेतों.

प्रथम इतिहास पाहूं. प्रेक्षकांच्या करमणुकीसाठीं एकमेकांशीं प्राणांतिक झुंज घेणाऱ्या गुलामांस ग्लॅडिएटर म्हणत. इ. स. पूर्व ७३ मध्यें इटलींतील कापुआ येथील आखाड्यांतून असे सत्तरांवर गुलाम स्वयंपाकघरांतील सुरे व सळया घेऊन निसटले. थ्रेस प्रांतांतील स्पार्टाकस हा त्यांचा नायक. व्हेसूव्हियस पर्वतावर रोमन सैन्यानें त्यांस कोंडलें, तेव्हां रानवेलींच्या शिड्या करून ते खालीं उतरले व त्यांनीं त्या सैन्याचीच दाणादाण उडविली. पुढें हजारों गुलाम त्यांस मिळाले. अखेर इ. स. पूर्व ७१ मध्यें क्रासस या सेनापतीनें बंड मोडलें आणि सुमारें ६,००० कैद्यांस कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रुसांवर खिळून मारलें.

हा वृत्तांत आपणांस मुख्यतः प्लूटार्क व ॲपियन या मागाहून झालेल्या ग्रंथकारांकडून मिळतो. बंडखोरांपैकीं कोणाचाहि शब्द उरलेला नाहीं. व्हारो या रोमन पंडिताच्या कृषिग्रंथांत शेतीच्या साधनांचें एक वर्गीकरण आहे: गाडी हें मुकें साधन, बैल हें अस्पष्ट आवाजाचें, आणि गुलाम हें बोलणारें! ज्यास साधन मानिलें, त्याचें म्हणणें कोण लिहून ठेवणार?

ही उणीव कादंबरीकार भरून काढूं पाहतो. त्याची कथा बंड मोडल्यावर सुरू होते. रस्त्यावर क्रूस उभे आहेत आणि त्याच रस्त्यानें कांहीं तरुण रोमन धनिक मजेनें प्रवास करीत आहेत. नायकाचें चरित्र बव्हंशीं सेनापति, आखाड्याचा मालक अशा प्रतिपक्षाच्या आठवणींतूनच उलगडतें. इतिहासाचीहि स्थिति अशीच असल्यामुळें ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते.

आतां कल्पनेचा भाग. ॲपियनच्या मतें स्पार्टाकस पूर्वीं रोमन सैन्यांत होता. कादंबरींत तो जन्मतःच गुलाम असून न्यूबियाच्या सोन्याच्या खाणींत राबतो. त्याची पत्नी प्लूटार्कास ठाऊक आहे, परंतु तो तिचें नांव देत नाहीं. ‘व्हारिनिया’ हें नांव कादंबरीकाराचें. जगांतून गुलामगिरीच नाहींशी करावी, हें स्वप्न तर कोणताहि प्राचीन ग्रंथकार त्याच्या पदरीं घालीत नाहीं. तें फास्ट यांचें आहे. सहकाऱ्यांचीं नांवें सांगण्याचें नाकारल्यावरून १९५० मध्यें त्यांस कारावास घडला. तेथेंच या ग्रंथाचा विचार त्यांच्या मनांत आला. प्रकाशकांनीं नाकारल्यावर त्यांनीं तो स्वतःच छापला.

पुस्तकांत कांहीं प्रसंग प्रौढांचे आहेत. तें पालकांनीं आधीं वाचावें. विद्यार्थ्यांनीं वहींत दोन रकाने आखून एकांत इतिहास व दुसऱ्यांत कल्पना टिपावी. दुसरा रकाना भरतांना प्रत्येक ठिकाणीं विचारावें: येथें लेखकास कल्पना कां करावी लागली? बहुतेक वेळां उत्तर एकच येईल. तेथें बोलावयाचें होतें तें गुलामानें, आणि त्याचें बोलणें कोणीं टिपून ठेविलें नव्हतें.