शाळेतले मूल सुखरूप हाती यावे म्हणून

सकाळी दप्तर पाठीला लावून मूल घराबाहेर पडले की पुढचे पाच-सहा तास ते शाळेच्या स्वाधीन असते. त्याची लस, दात, डोळे, डबा यांची काळजी आपण घेतो. परंतु शाळा भरलेली असताना आग लागली, भूकंप झाला, पुराचे पाणी वाढले किंवा पोषण आहारातून विषबाधा झाली तर काय करायचे, याचा विचार बहुतेक घरांत आणि अनेक शाळांतही झालेला नसतो. जीव वाचवणे ही या कामाची पहिली पायरी. वाचलेले मूल त्याच्याच आई-बापाच्या हाती देणे ही दुसरी. दुसऱ्या पायरीवर गोंधळ झाला तर पहिलीवर केलेले कष्टही वाया जाऊ शकतात. म्हणून आज या दोन्हींची माहिती घेऊ.

घडलेल्या घटना काय सांगतात?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मुले घरात झोपलेली होती. दरवेळी आपत्ती रात्रीच येईल असे नाही. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरमधील भूकंपात सकाळच्या शाळा भरल्या होत्या आणि हजारो मुले इमारतींखाली सापडली.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली. बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. मुले व पालक मिळून चारशेहून अधिक माणसे गेली. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारती सुरक्षित असाव्यात, आग विझवण्याची साधने असावीत आणि शिक्षकांना ती वापरण्याचे शिक्षण द्यावे असे आदेश दिले.

जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी दुपारी मोठा भूकंप झाला. ओकावा प्राथमिक शाळेतील मुले मैदानात आणली गेली. पण पुढे कुठे जायचे हे ठरलेले नव्हते. जवळजवळ पाऊण तास तिथेच गेला. मग समुद्राची लाट आली आणि ७४ मुले व १० शिक्षक गेले. पुढे न्यायालयाने ठपका ठेवला तो आधीच्या अपुऱ्या तयारीवर. त्याच दिवशी कामाइशी शहरात मात्र त्या वेळी शाळेत असलेली मुले वाचली. तिथे मुलांना सराव होता. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले आणि सारी उंचावर पळाली. आई-वडील आपापल्या जागी सुरक्षित ठिकाणी जातील, त्यांची वाट पाहत थांबायचे नाही, हे घराघरांत आधीच बोलून झालेले होते.

शाळेने आधी काय करावे?

१. बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठरवाव्यात. जिन्यात बाके, सायकली, जुने सामान ठेवू नये. शाळा भरलेली असताना फाटकाला कुलूप असेल तर किल्ली जवळच आणि ठरलेल्या माणसाकडे हवी. स्नेहसंमेलनाच्या मंडपालाही हाच नियम लावावा.

२. विजेची घंटा वीज गेल्यावर वाजत नाही. लोखंडी टोल किंवा शिट्टी ठेवावी आणि तिची खूण मुलांना शिकवावी.

३. प्रत्येक संकटात बाहेर पळायचे नसते. भूकंपात हादरे थांबेपर्यंत बाकाखाली बसावे, डोके झाकावे, बाकाचा पाय घट्ट धरावा; नंतर बाहेर यावे. आगीत लगेच निघावे. धूर असेल तर वाकून चालावे. पूर आल्यास वरच्या मजल्यावर जावे. आग्या मोहोळ उठले तर वर्गातच राहून खिडक्या-दारे लावावीत.

४. दम्याची, फिटांची, मधुमेहाची मुले कोणती, त्यांचे औषध कोणते, याची यादी वर्गशिक्षकांकडे असावी. चालता न येणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या मुलाबरोबर कोणी राहायचे हे नावानिशी ठरवावे.

५. वर्षातून एकदा देखाव्यापुरती कवायत उपयोगाची नाही. दर सत्रात निदान एकदा, आणि एखाद्या वेळी मधल्या सुट्टीतही सराव घ्यावा.

मैदानात आल्यावर

प्रत्येक शिक्षकाने हजेरीपत्रक बरोबर आणावे. आपल्या वर्गाची मोजणी करून नावे वाचावीत आणि कमी असलेल्या मुलाचे नाव ताबडतोब मुख्याध्यापकांना सांगावे. नुसता आकडा पुरत नाही, कारण दुसऱ्या वर्गातले मूल रांगेत मिसळलेले असू शकते. गैरहजर मुलांची नोंद त्या दिवशी सकाळीच झालेली असली पाहिजे. नाही तर घरी असलेल्या मुलाला शोधायला माणसे जळत्या इमारतीत जातील.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, तूप लावू नये. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या मुलाला, जागीच धोका नसेल तर, हलवू नये. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

मुलांना दवाखान्यात नेताना मिळेल त्या जीपमध्ये, रिक्षात बसवून देतात आणि कोणते मूल कुठे गेले याचा पत्ता राहत नाही. मग पालक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात धावत राहतात. म्हणून प्रत्येक वाहनाबरोबर शक्यतो एक शिक्षक जावा. निदान मुलाचे नाव, इयत्ता आणि दवाखान्याचे नाव वहीत लिहावे. लहान मुलाच्या हातावरही पेनाने नाव लिहावे.

मूल हाती देताना

ही वेळ सर्वांत नाजूक असते. फाटकावर शेकडो माणसे लोटतात, रडतात, ओरडतात. अशा गर्दीत ‘मी त्याचा काका’ म्हणणाऱ्याच्या हाती मूल देणे धोक्याचे असते. त्यासाठी पुढील पद्धत ठेवावी.

पालकांची थांबण्याची जागा आणि मुलांची बसण्याची जागा वेगळी असावी. पालकांनी एका टेबलापाशी मुलाचे नाव व इयत्ता सांगावी. शाळेचा माणूस मुलाला आणायला जाईल. पालकांनी स्वतः मुलांच्या रांगांत शिरू नये.

प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक पालकाकडून मूल कोणाकोणाच्या हाती द्यावे याची दोन-तीन नावे, फोन नंबर आणि सही घेऊन ठेवावी. ही यादी कपाटात एक आणि शाळेच्या इमारतीबाहेर एक अशी दोन ठिकाणी हवी. आई-वडिलांत वाद असून न्यायालयाचा काही आदेश असेल तर त्याची नोंदही तिथेच असावी.

नेणाऱ्याचे नाव यादीत पाहावे, ओळखपत्र पाहावे आणि मुलाला विचारावे, ‘हे कोण? यांच्याबरोबर जाशील ना?’ मूल मागे सरले तर थांबावे. वेळ लिहून सही किंवा अंगठा घ्यावा. शेजारणीला चार मुले एकदम न्यायची असतील तर चौघांच्याही यादीत तिचे नाव हवे. नेहमीचे रिक्षावाले काका असले तरी हाच नियम.

रस्ता सुरक्षित नसेल तर मूल शाळेतच ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री अनेक शाळांनी मुलांना वर्गातच थांबवून घेतले आणि ती मुले दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी गेली. यासाठी शाळेत पिण्याचे पाणी, बिस्किटे, सतरंज्या, विजेरी आणि औषधांची पेटी असावी. शेवटचे मूल जाईपर्यंत निदान दोन शिक्षकांनी थांबावे. कोणीच न्यायला आले नाही तर पोलिसांना आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवावे.

एखाद्या मुलाला गंभीर इजा झाली असेल, किंवा ते दगावले असेल, तर ही बातमी फाटकावर ओरडून सांगू नये. त्या पालकांना वेगळ्या खोलीत बसवून, ओळखीच्या शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगावी. दुसऱ्याकडून कानावर आलेली अशी बातमी घाव दुप्पट करते.

पालकांनी काय करावे?

बातमी कानावर पडताच मोटारसायकल काढून शाळेकडे धावण्याची ओढ कोणालाही होईल. पण शाळेपुढच्या रस्त्यावर शंभर गाड्या उभ्या राहिल्या तर रुग्णवाहिका आणि बंब आत कसे येणार? गाडी लांब ठेवून चालत जावे. घरातून एकानेच जावे, दुसऱ्याने घरी राहावे. शाळेला पुन्हा पुन्हा फोन करू नये. फोन लागत नसेल तर छोटा संदेश पाठवावा, तो बऱ्याचदा पोचतो. मोबाइलवर फिरणारे फोटो व अफवा पुढे पाठवू नयेत. फाटकावर सही मागितली, ओळखपत्र मागितले, तर रागावू नये. तो उशीर आपल्याच मुलाच्या भल्यासाठी असतो.

मुलाला आपले पूर्ण नाव, आई-वडिलांचे नाव, गाव-गल्ली आणि एक फोन नंबर तोंडपाठ असावा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात हीच माहिती आणि रक्तगट लिहिलेले कार्ड ठेवावे. नाव बाहेरून दिसेल असे लावू नये. नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. ‘आम्ही येईपर्यंत बाईंजवळच थांबायचे, एकट्याने घरी निघायचे नाही, आणि बाई पळा म्हणाल्या तर आमची वाट पाहायची नाही’ एवढे घरी शांतपणे सांगून ठेवावे.

नंतरचे दिवस

मूल घरी आले म्हणजे सर्व संपले असे नाही. काही मुले रात्री दचकून उठतात, अंथरूण ओले करतात, आईचा पदर सोडत नाहीत, शाळेत जायला नको म्हणतात. हा हट्ट नव्हे, भीती आहे. रागावू नये, हसू नये. मूल बोलेल ते ऐकावे, बोलत नसेल तर खोदून विचारू नये. जेवण, झोप, खेळ यांची वेळ पूर्ववत ठेवावी. दूरदर्शन संचावर तीच दृश्ये वारंवार दाखवू नयेत. महिन्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुराच्या पाण्यातून आलेल्या मुलाला नंतर ताप आला तर लेप्टोची शंका मनात ठेवून लगेच दाखवावे.

येत्या पालकसभेत गुणांची चौकशी करून झाल्यावर मुख्याध्यापकांना तीन प्रश्न जरूर विचारा. शेवटचा सराव कधी झाला? मुले जमण्याची जागा कोणती, आणि तीही धोक्यात आली तर पुढची कोणती? माझे मूल कोणाच्या हाती द्यायचे, ही यादी तुमच्याकडे आहे का? उत्तर ‘नाही’ आले तर दोष देत बसू नका. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय घ्या आणि यादी लिहायला स्वतः हातभार लावा. एका सुट्टीच्या दिवशी हे काम होण्याजोगे आहे.