दोन मुख्य विषय, दोन विद्यापीठे

पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन २०२३ मध्ये नवा जिल्हा अस्तित्वात आला. तरी येथील अनेक विद्यार्थ्यांची उच्च शिक्षणाची वाट नागपूरकडेच वळते. मध्येच विद्यापीठ बदलून जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र असे दोन मुख्य विषय घेऊ इच्छिणाऱ्याने श्रेयांकांचा हिशेब आधीच मांडणे अगत्याचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक लागतात. पैकी पहिल्या मुख्य विषयाचे किमान ६० आणि दुसऱ्याचे ४८. उरलेल्या बारांत भाषा व कौशल्याचे अनिवार्य विषय मावत नाहीत; जादा श्रेयांकांची तयारी ठेवावीच लागते.

खरी मेख स्थलांतराच्या वेळेत आहे. श्रेयांक पेढीच्या २०२१ च्या विनियमांनुसार निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. दोन वर्षांत ८० श्रेयांक मिळवून निघणाऱ्याचे २० त्यामुळे हिशेबाबाहेर जातात; एका वर्षानंतर निघणाऱ्यास ही झळ लागत नाही.

अकरावीत जीवशास्त्रासोबत गणितही घ्यावे. त्यावाचून संगणकशास्त्राचे दार पुष्कळ ठिकाणी बंद असते. संत्र्याच्या या मुलखात रोगजंतूंची जनुकीय माहिती संगणकावर पारखणारा पदवीधर बागायतदारालाही परका वाटणार नाही. नागपुरास लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहेच.

जुने महाविद्यालय सोडण्यापूर्वी स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम सोबत घ्यावा. समकक्षता त्यावरूनच ठरविली जाते.