रानमोडी: ओळखावी कशी, उपटावी कधी



आपल्या मंडळ्यांचे तरुण संघ दरवर्षी विचारतात, “नाताळनंतरच्या सुट्टीत वाडीवर श्रमदानाला येऊ का?” काही जण कोयते पाठवण्याची तयारी दाखवतात, काही तणनाशकासाठी देणगी देऊ करतात. ही सगळी विचारणा एका झुडपामुळे होते. त्याचे नाव रानमोडी. रायगड जिल्ह्यातील ज्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर मी काम करते, तिथल्या गवताळ उतारांवर ही रानमोडी पसरते आहे. तिच्याविषयी कळकळ असणे चांगलेच, पण आधी तिची नीट ओळख हवी. म्हणून या अंकातील अभ्यास एका झाडाचा आहे. त्याचा एकेक अवयव पाहू आणि तो आपल्याला काय सांगतो ते समजून घेऊ.

मूळ गाव आणि कुळ

रानमोडीचे शास्त्रीय नाव क्रोमोलेना ओडोराटा. जुन्या पुस्तकांत ती युपॅटोरियम ओडोरेटम या नावाने सापडते. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकात ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींच्या यादीत तिचे नाव आहे.

तिचे कुळ सूर्यफुलाचे. झेंडू, शेवंती, आपल्या आदिवासी शेतकऱ्यांची खुरासणी आणि पावसाळ्यात सड्यावर पिवळी होणारी सोनकी ही सगळी याच कुळातली. म्हणजे कुळ वाईट नाही. दोष झाडाचाही नाही. ते आपल्या गावाहून इतक्या दूर आले की त्याला खाऊन आवरणारे तिथले किडे मागेच राहिले.

मूळ आणि बुंधा

रानमोडीला खोल जाणारे सोटमूळ नसते. मुळांचा झुपका बहुधा वरच्या वीस ते तीस सेंटिमीटर मातीतच असतो. मात्र खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे, जमिनीलगत, एक जाड गाठ असते. सगळी मेख इथे आहे. कोयत्याने झुडूप कापले तर गाठ शाबूत राहते आणि पहिल्या पावसात एका खोडाच्या जागी अनेक धुमारे येतात. वणव्यात वरचे झाड जळते, पण गाठ वाचते.

मुळे उथळ, म्हणून ओल्या मातीत लहान झाड हाताने निघते. मोठ्याला कुदळीचा किंवा पहारीचा आधार लागतो. मार्चमध्ये तीच जमीन दगडासारखी होते, झाड ओढले की खोड मोडून हातात येते आणि गाठ तिथेच राहते.

खोड

खोड गोल, ठिसूळ आणि बारीक रेघांचे असते. कोवळेपणी ते हिरवे व लवदार, बुडाशी तपकिरी व लाकडासारखे. फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात. मोकळ्या जागी झुडूप दोन ते तीन मीटर वाढते आणि झाडाचा आधार मिळाला तर वेलीसारखे आणखी वर चढते. शेजारशेजारची झुडपे एकमेकांत गुंततात आणि त्यांच्याखाली गवताला ऊन मिळत नाही. उन्हाळ्यात ही वाळलेली खोडे सरपणासारखी पेटतात. नुसत्या गवताची आग बुटकी असते. रानमोडीची आग उंच जाते आणि रानाच्या कडेची झाडे होरपळवते.

पान

पाने समोरासमोर, त्रिकोणी, टोकदार आणि कडेला दाते असलेली. लांबी साधारण पाच ते बारा सेंटिमीटर. पानाच्या बुडाजवळून तीन ठळक शिरा निघतात, कोंबडीच्या पायाच्या ठशासारख्या. ही खूण मुलांच्याही लगेच लक्षात येते. पान चुरडले की उग्र वास येतो. गुरे ते टाळतात आणि ते बरे आहे, कारण कोवळ्या पाल्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त असते व ते जनावरांना बाधते. आशियातील अनेक देशांत लोक हा पाला चुरडून जखमेवर लावतात, रक्त थांबायला. तरी आपल्या स्वयंसेवकांनी जखम धुऊन आरोग्य केंद्रच गाठावे.

उपटण्याआधी चार शेजाऱ्यांशी तुलना करावी. घाणेरीचे खोड चौकोनी असते, त्यावर बहुधा आकडेदार काटे असतात आणि फुले रंगीबेरंगी. रानतुळशीचेही खोड चौकोनी. भामुर्डा सूर्यफूल कुळातलाच आणि वासाचा, पण त्याची पाने एकाआड एक येतात. ओसाडीची फुले रानमोडीसारखी जांभळट, पण ते छोटे, एका हंगामात संपणारे रोप आहे. खोड गोल, पाने जोडीने आणि पानावर कोंबडीचा पाय, या तिन्ही खुणा जुळल्या आणि झाड झुडूपवजा असले तरच ती रानमोडी समजावी. शंका आली तर वाडीतल्या जाणत्या बाईला विचारावे. गवत कापणाऱ्या हाताला झाडे आपल्यापेक्षा जास्त कळतात.

फूल

या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्याला स्तबक म्हणतात. सूर्यफुलात कडेच्या फुलांना पाकळीसारखी पिवळी जीभ असते आणि मधली फुले नळीसारखी. रानमोडीत कडेची जीभ नाही, सगळी फुले नळीचीच. सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या निमुळत्या हिरव्या पेल्यात साधारण वीस-पंचवीस फुले उभी असतात, रंग फिका जांभळा किंवा पांढुरका. प्रत्येक फुलातून दोन लांब धागे बाहेर डोकावतात, त्यामुळे गुच्छ केसाळ दिसतो. नोव्हेंबरच्या सुमारास कळ्या येतात आणि नाताळाच्या आसपास फांद्यांची टोके फुलांनी भरतात. पाहुण्यांना ती सुंदर वाटतात आणि सुंदर आहेतही.

बी

बी काळे, बारीक, चार-पाच मिलिमीटरचे आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका असलेले. फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यावर ते उडते. कपड्यांना, गुरांच्या अंगाला आणि गाड्यांच्या चाकांना चिकटून ते पुढच्या वाडीत पोचते. एका मोठ्या झुडपावर एका हंगामात ऐंशी हजारांहून अधिक बिया मोजल्या गेल्या आहेत. त्यांतल्या काही मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यामुळे एकदा साफ केलेल्या उतारावर पुढची काही वर्षे फेरी मारावीच लागते.

मग योग्य वेळ कोणती?

आता सगळे अवयव एकत्र ठेवून पाहा. मुळे ओल्या मातीत सुटतात, गाठ निघाली नाही तर काम फुकट जाते आणि बी धरण्याआधी झाड निघाले पाहिजे. म्हणजे वेळ उरते ती ऑगस्ट आणि सप्टेंबरची, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतची. नाताळनंतर माती वाळू लागलेली असते. जानेवारीअखेर तर आपण झाड हलवून बी उडवायला मदतच करू.

या वेळेला दुसरेही कारण आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत आपण गेलो तर बंद झोपड्यांसमोर श्रमदान करू. पावसाळ्यात मात्र माणसे घरी असतात. भातलावणी उरकलेली, कापणी दूर, हाताला काम कमी आणि घरातले धान्य संपत आलेले असते. त्या दिवसांत या कामाची मजुरी मिळाली तर उतारही साफ होईल आणि चूलही पेटेल. म्हणून कोयते आणि तणनाशकाऐवजी ऑगस्ट-सप्टेंबरच्या मजुरीसाठी देणगी द्यावी, अशी माझी विनंती आहे. ज्या ओढ्याचे पाणी वाडी पिते, त्याच्या वरच्या उतारावर औषध फवारणे मला मान्य नाही.

उपटलेली झाडे मुळे वर करून कातळावर वाळवावीत. फूल नसेल तर ती कुजवून खत होते. उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत लवकर यायला हवे, म्हणून एक पावसाळा तिथे गुरे सोडू नयेत. हा निर्णय वाडीच घेऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क आणि सामूहिक वन राखण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा काम ग्रामसभेत ठरावे आणि आपण मदतीला जावे.

गवत गेले की त्या जागी झाडे लावावीत असेही काही जण सुचवतात. पण गवताळ उतार म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे गाय-शेळी चरते, घर शाकारायचे गवत मिळते, राबासाठी काडी मिळते. तिथे गवत परत आणणे हीच सेवा.

निदणाच्या दाखल्याविषयी

बायबल अभ्यासात कोणी विचारील की गव्हातले निदण कापणीपर्यंत राहू द्यावे असा दाखला आहे, मग आपण का उपटायचे? त्या दाखल्यातले रोप ओंबी येईपर्यंत गव्हासारखेच दिसते, म्हणून घाईत गहूही उपटला जाण्याची भीती. शिवाय दाखला माणसांच्या न्यायाविषयी आहे, निंदणीविषयी नाही. तरी शेतकऱ्यासाठी त्यात एक धडा आहेच: नीट ओळखल्याशिवाय हात घालू नये.

मंडळीत चर्चेसाठी

१. रानमोडी कापल्याने किंवा जाळल्याने का संपत नाही?

२. आपल्या तरुण संघाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक शनिवार देता येईल का? त्यासाठी काय बदलावे लागेल?

३. मदत आपल्या सोयीच्या वेळी आणि वाडीच्या गरजेच्या वेळी, यांत आपण आजवर कोणती निवडली?